प्रोटीन पावडर घ्यायची का? आधी ताट मोजा, मग डबा

पावसाळा लागला की ठाण्यात प्रोटीनची चौकशी वाढते. वर्षा मॅरेथॉनची तयारी करणारे उपवन आणि येऊरच्या चढावर पहाटे पळत असतात, गोविंदा पथकांचे सराव गल्लोगल्ली सुरू झालेले असतात, आणि नेमका तेव्हाच श्रावण येतो. अंडी, मासे, मटण महिनाभर बंद. मेहनत वाढते, ताटातलं प्रोटीन घटतं, आणि जिममधला कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगतो, "दादा, एक डबा चालू कर."

डबा चालू करायला माझा विरोध नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत घोटाळा क्रमात असतो. आधी डबा येतो, मग तो किती घ्यायचा हे गुगलवर शोधलं जातं, आणि आपल्याला मुळात किती कमी पडत होतं हे शेवटपर्यंत कुणी मोजत नाही. हा लेख त्या उलट क्रमाने लिहिला आहे. पळणारे, कबड्डी-खो-खो खेळणारे, जिमला जाणारे, गोविंदा, सगळ्यांना हिशेब तोच लागू होतो.

पायरी १: आपल्याला किती हवं ते काढा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेला आकडा आहे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन. हा सर्वसाधारण निरोगी प्रौढ माणसासाठी. व्यायाम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय क्रीडापोषण सोसायटीने २०१७ च्या भूमिकापत्रात १.४ ते २ ग्रॅम ही मर्यादा दिली. पुढच्याच वर्षी ४९ चाचण्या एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. वजनं उचलणाऱ्यांच्या स्नायूवाढीला साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फारसा फायदा दिसत नाही, असं त्यात निघालं.

त्यावरून माझा ढोबळ हिशेब असा. आठवड्यातून तीनचार दिवस हलकं पळणाऱ्याला किंवा चालणाऱ्याला किलोमागे १.२ ग्रॅम भरपूर झाले. हाफ मॅरेथॉनची तयारी, रोजचा कबड्डीचा सराव, थरांचा सराव असेल तर १.४ धरा. नियमित वजनं उचलत असाल तर १.६. वजन कमी करण्यासाठी कमी खात असाल आणि व्यायामही चालू असेल, तर स्नायू टिकावेत म्हणून त्याहून थोडं वर जायला हरकत नाही. अंगावर चरबी बरीच असेल तर आजच्या वजनाने गुणू नका, जिथे पोचायचं आहे त्या वजनाने गुणा. नाहीतर ११० किलोच्या माणसाला १७६ ग्रॅमचा आकडा मिळतो आणि तो पहिल्या दिवशीच घाबरतो.

इथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. त्याच आयसीएमआरने २०२४ च्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं. मग खरं कुणाचं? माझ्या मते दोघांचा श्रोता वेगळा आहे. आयसीएमआर सगळ्या देशाशी बोलते. त्यात टीव्हीवरची जाहिरात बघून आजोबांसाठी डबा आणणारेही आले, आणि दहावीतल्या मुलाला 'पॉवर' यावी म्हणून दुधात पावडर ढवळणारेही. त्यांना तो सल्ला अगदी योग्य आहे. आठवड्याला पन्नास किलोमीटर पळणाऱ्याची गरज मोजून काढलेली असेल, तर त्याचा विचार वेगळा होऊ शकतो.

पायरी २: आत्ता किती पोटात जातंय ते मोजा

यासाठी ॲप लागत नाही. वही, पेन आणि किचनमधला छोटा वजनकाटा पुरतो. सलग तीन दिवस लिहा, त्यातला एक रविवार असू द्या. रविवारी आपण कोण असतो ते सोमवार-मंगळवारच्या वहीत दिसत नाही.

उदाहरणादाखल एक शाकाहारी माणूस घेऊ. वजन ६४ किलो, घर कळव्यात, नोकरी फोर्टला, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं: २ ग्रॅम. पळून आल्यावर पोहे: ५. दुपारच्या डब्यात तीन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी: १७. चारचा चहा: २. स्टेशनबाहेर वडापाव: ६. रात्री दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, अर्धी वाटी दही: २०. बेरीज ५२. त्याला १.४ च्या हिशेबाने हवेत ९०. म्हणजे ३८ ग्रॅमची तूट.

ही तूट कुठे आहे ते बघा. जेवणं बऱ्यापैकी आहेत. पहाटे उठल्यापासून दुपारच्या डब्यापर्यंत, म्हणजे शरीर पळून आलेलं असतं त्या वेळात, सगळं मिळून ७ ग्रॅम जातात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत फक्त वडापाव. मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची वही अशीच निघते. पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी, इडली-चटणी हे पिठूळ पदार्थ आहेत, चांगले आहेत, पण प्रोटीनच्या रकान्यात ते फारसं काही टाकत नाहीत.

मोजताना एक चूक सगळे करतात. मटकीत शंभर ग्रॅमला २२-२३ ग्रॅम प्रोटीन असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि मोड आलेली, फुगलेली मटकी शंभर ग्रॅम घेऊन तेवढंच धरलं जातं. तो आकडा कोरड्या दाण्याचा. भिजवून मोड आले की निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. डाळीचंही तसंच: वाटीभर पातळ वरणात जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम डाळ असते, म्हणजे पाचेक ग्रॅम प्रोटीन. कच्चं वजन करा, मग शिजवा.

पायरी ३: तूट आधी स्वयंपाकघरातून भरा

त्याच कळव्याच्या माणसाचं उदाहरण पुढे नेऊ. पोह्यांच्या जोडीला ५० ग्रॅम मुगाची घावनं केली की १२ ग्रॅम वाढले (अंडी खाणाऱ्याला दोन उकडलेल्या अंड्यांत तेवढेच). डब्यातल्या आमटीच्या जागी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ: साधारण ४ ते ५ जादा. चारच्या चहाबरोबर मूठ-दीड मूठ, म्हणजे ४० ग्रॅम फुटाणे: ८. रात्रीच्या भाजीत २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या: १३. तूट भरली. वडापावाला हातही लावला नाही. तोही राहू द्या, नाहीतर हा बेत चौथ्या दिवशी मोडतो.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल दोन शब्द. शंभर ग्रॅममध्ये जवळजवळ ५२ ग्रॅम प्रोटीन, आणि जांभळी नाक्याच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. पुरुषांच्या हार्मोनवर वाईट परिणाम होतो ही भीती फार पसरलेली आहे. नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसत नाही. खरी अडचण चवीची आणि पोटात धरणाऱ्या वाताची. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या, मग रस्स्यात टाकल्या, की दोन्ही बरंचसं सुटतं.

शेंगदाण्यांना मात्र आपण जरा जास्तच मान देतो. शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण जवळपास निम्मं वजन तेलाचं आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी. कूट चवीला वापरा, लांब पळून आल्यावर शेंगदाण्याची चिक्की खा, पण प्रोटीनची तूट त्यांच्यावर भरायला गेलात तर पोट पुढे येईल. पनीर शंभर ग्रॅमला १८-१९ ग्रॅम, तेही तुपासकट. घरी पनीर केल्यावर उरलेलं पाणी पिऊन 'व्हे (दुधाच्या पाण्यातलं प्रोटीन, बहुतेक डब्यांत हेच असतं) घेतलं' असं समजणारेही भेटतात. त्या ग्लासात फार तर एखाद-दुसरा ग्रॅम असतो, पण कणीक भिजवायला ते छान.

मासे खाणाऱ्यांचं काम सोपं. चेंदणी कोळीवाडा नाहीतर बेलापूरजवळचं दिवाळे, दोन्हीकडे सकाळी लवकर गेलं तर बांगडा स्वस्तात मिळतो, आणि मध्यम बांगड्याच्या शंभर ग्रॅम मासात १९-२० ग्रॅम प्रोटीन. ओला बोंबील चवीला कितीही भारी असला तरी बराचसा पाणी, त्याच्यावर हिशेब मांडू नका. सुका बोंबील आणि जवळा उलट: वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रोटीन. मूठभर जवळ्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली तर दहा ग्रॅम सहज. फक्त मीठ फार असतं. रक्तदाब असेल तर दोनतीन पाण्यांनी धुऊनही जपूनच.

श्रावणाचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण नुसता मांसाहार सुटत नाही, सोमवार-शनिवारचे उपासही येतात. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. उपासाच्या दिवशी दूध, दही, राजगिऱ्याचे लाडू किंवा थालीपीठ आणि पनीर यांवर भर द्या, आणि त्या दिवशी मोठं पळणं किंवा वरच्या थराचा सराव ठेवू नका. पथकांच्या प्रशिक्षकांनी तरी हे वेळापत्रकात आधीच धरावं. खालच्या थरात उभा राहणारा मुलगा सकाळपासून दोन केळ्यांवर असेल तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या गुडघ्यांचा राहत नाही. व्हे उपासाला चालतं का, हेही विचारलं जातं. मूळ दुधाचंच, पण त्यात लेसिथिन, स्वाद, गोडवा आणणारी रसायनं असतात. चालतं की नाही हे घरच्या ज्येष्ठांना विचारा, माझ्याकडे उत्तर नाही.

पायरी ४: आता ठरवा, पावडर हवी का

वरच्या माणसाला नको. मग कुणाला? ८० किलोचा, वजनं उचलणारा शाकाहारी, ज्याला रोज १२८ ग्रॅम हवेत आणि डाळी-उसळींनी पोट आधीच गच्च झालंय. सकाळी सात-सव्वासातची फास्ट लोकल पकडणारा, ज्याला व्यायामानंतर स्वयंपाकघरात दहा मिनिटंही मिळत नाहीत. आजारपणातून किंवा शस्त्रक्रियेतून उठून मैदानावर परतणारा, भूक मेलेली (त्याने अर्थातच डॉक्टरांना विचारून). साठीच्या पुढे गेलेला आणि जेवण कमी झालेला धावपटू. अशांना दिवसातून एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) म्हणजे २० ते २५ ग्रॅमची सोय होते. सोय, एवढंच तिचं काम.

शाळेतल्या मुलांना नको. चौदा वर्षांच्या कबड्डीपटूला दूध, अंडी, उसळ आणि झोप द्या.

पायरी ५: कुठली पावडर

दुधातल्या प्रोटीनपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना जे पाणी सुटतं ते गाळून, वाळवून व्हे तयार होतं. त्याचे मुख्य दोन प्रकार. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रोटीन आणि थोडं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज नगण्य. दूध पचत असेल तर कॉन्सन्ट्रेट पुरे. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, पातळ होतं, असं असेल तर आयसोलेटचे जादा पैसे सार्थकी लागतात. दूध अजिबात नको असेल तर वाटाणा आणि तांदूळ यांचं मिश्रण किंवा सोया आयसोलेट.

व्हे एवढं का गाजतं याचं कारण ल्युसीन. स्नायूंची डागडुजी सुरू करायचा इशारा हे अमिनो आम्ल (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या घटकांपैकी एक) देतं, आणि २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये ते अडीच ग्रॅमच्या वर असतं. वनस्पतीच्या पावडरीत ते थोडं कमी, म्हणून तिथे प्रमाण तीस ग्रॅमपर्यंत न्या.

मास गेनर घेऊ नका. मोठ्या डब्यातलं बहुतेक वजन माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे पिठूळ साखरेच्या जातीचं. वजनच वाढवायचं असेल तर केळं, दूध, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी स्वस्तात वाढवतात. बीसीएए (ल्युसीनसह तीन अमिनो आम्लांची पावडर) वेगळं घ्यायची गरज नाही, ते व्हेमध्ये आणि जेवणात आहेच. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे स्नायूंसाठी ते व्हेची जागा घेऊ शकत नाही. क्रिएटिन प्रोटीन नव्हे, पण वजनं उचलणारे आणि झटक्याचे खेळ खेळणारे यांच्यासाठी रोज ३ ते ५ ग्रॅमचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे. लांब पळणाऱ्याला त्यापासून फारसं काही नाही, वर एखाद किलो पाण्याचं वजन वाढतं.

पायरी ६: डब्याची मागची बाजू वाचा

पुढची बाजू जाहिरात असते. मागे फिरवा.

पहिलं, स्कूपचं वजन आणि त्यातलं प्रोटीन. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन म्हणजे सुमारे ७३ टक्के. कॉन्सन्ट्रेटसाठी ठीक. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये १२ ग्रॅम असेल तर ते प्रोटीनच्या नावाखाली गोड पीठ आहे.

दुसरं, घटकांची यादी. जे सगळ्यांत जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं. व्हेच्या जागी पहिल्याच नंबरावर साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा 'मिल्क सॉलिड्स' असतील तर ठेवून द्या. यादीत ग्लायसीन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं वेगळी घातलेली दिसली तर सावध व्हा. प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीन काढतात. स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावरचा आकडा फुगतो. याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. अमिनो आम्लांचा तक्ता दिलेला असेल तर ल्युसीन बघा. २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमागे ते दोन ग्रॅमच्याही खाली असेल तर काहीतरी गडबड आहे.

तिसरं, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख, आणि परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता. परवाना क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा, दोन मिनिटांचं काम. पण त्या क्रमांकाने फार हुरळूनही जाऊ नका. तो परवाना आहे, प्रत्येक डबा तपासल्याची पावती नाही.

हे मी उगाच ताणत नाही. २०२४ साली केरळातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी होऊन तिचा निष्कर्ष 'मेडिसिन' या नियतकालिकात छापून आला. सुमारे ७० टक्के उत्पादनांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. साधारण १४ टक्क्यांत बुरशीपासून येणारी अफ्लाटॉक्सिन्स ही विषं आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले.

पायरी ७: कुठून घ्यायची

थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून, आणि पक्क्या बिलावर. ऑनलाइन घेताना 'विक्रेता कोण' ही बारीक ओळ वाचा. झाकणाखाली खरवडायचा कोड असेल तर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून उघडलेलं पानही डब्याइतकंच बनावट असू शकतं. जिममध्ये पिशवीत भरून मिळणारी सुटी पावडर, 'कस्टममधून सुटलेला माल', अर्ध्या किमतीतला परदेशी डबा, यांतलं काहीही नको.

घरी करायच्या चाचण्यांवर विसंबू नका. आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे हे कळतं, पण रंग आला नाही म्हणून पावडर शुद्ध ठरत नाही. अमिनो स्पायकिंग तर त्यात अजिबात दिसत नाही. मोठा पळणाऱ्यांचा ग्रुप असेल आणि सगळे एकाच ब्रँडची पावडर घेत असतील तर वर्गणी काढून एखाद्या एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक नमुना तपासून घ्या. माल संशयास्पद निघाला तर तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर. डबा, बिल आणि बॅचचा फोटो हाताशी ठेवा.

किंमत डब्यावरून नाही, ग्रॅमवरून बघा. समजा एक किलोचा डबा २,६०० रुपयांना, स्कूप ३३ ग्रॅमचा आणि त्यात प्रोटीन २४. डब्यात तीसेक स्कूप, एकूण प्रोटीन सुमारे ७२७ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला साडेतीन रुपयांच्या थोडं वर. शेजारी १,७०० रुपयांचा डबा, स्कूप ३० चा आणि प्रोटीन १२. एकूण ४०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वाचार रुपये. स्वस्त दिसणारा डबाच महाग निघाला. याच हिशेबाने सात रुपयांचं अंडं ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत बसतं, आणि १५० रुपये किलोच्या सोया वड्या तीस पैशांच्याही आत.

पायरी ८: स्पर्धा खेळत असाल तर ही पायरी चुकवू नका

राज्य, राष्ट्रीय, विद्यापीठ, खेलो इंडिया, यांतलं काही खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा. व्हे आणि क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या ('वाडा') बंदी यादीत नाहीत. धोका भेसळीचा. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम कडक आहे. "डब्यावर लिहिलं नव्हतं" हे सांगून सुटका होत नाही. स्टेरॉइड सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

म्हणून अशा खेळाडूने घ्यायचीच तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट या तपासणी योजनांची खूण असलेली पावडर घ्यावी, आणि आपल्या डब्याचा बॅच नंबर त्यांच्या संकेतस्थळावर तपासावा. खूण ब्रँडच्या एका उत्पादनावर असते, सगळ्यांवर नाही. प्रत्येक डब्यातली थोडी पावडर बिलासकट बाजूला ठेवा. प्रि-वर्कआउट, फॅट बर्नर, 'टेस्टो बूस्टर' यांच्या वाटेलाच जाऊ नका. भेसळीची बहुतेक लफडी तिथलीच. आणि प्रशिक्षकाने हातात ठेवलेली बिननावाची पुडी? नम्रपणे परत करा. प्रशिक्षक कितीही मोठा असो, बंदी तुमच्यावर येते.

पायरी ९: कशी आणि कधी घ्यायची

पहिला आठवडा अर्धा स्कूप, २०० ते २५० मिलीलीटर साध्या पाण्यात. पोटाने काही कुरकुर केली नाही तर पूर्ण. चेहऱ्यावर मुरमं वाढली तर महिनाभर बंद करून बघा. व्हेमुळे काहींना तो त्रास होतो.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात घेतलं नाही तर सगळं वाया, असं काही नसतं. दिवसाची बेरीज महत्त्वाची, आणि ती तीनचार वेळांत विभागलेली, प्रत्येक वेळी साधारण २० ते ३० ग्रॅम. तरी येऊरहून उतरून थेट स्टेशन गाठणाऱ्याने ते लवकर घ्यावं, कारण नंतर दुपारच्या डब्यापर्यंत पोटात काही जाणार नसतं. शेकरमध्ये कोरडी पावडर न्या, पाणी ऑफिसला पोचून घाला. पहाटे दुधात कालवलेला शेकर मेच्या उकाड्यात, लोकलच्या गर्दीत दोन तास बॅगेत राहिला तर झाकण उघडायचं धाडस होत नाही. पाणी उकळतं नको, गुठळ्या होतात. नाचणीची आंबील कोमट झाल्यावर त्यात बिनस्वादाची पावडर ढवळली तर मला ती शेकरपेक्षा बरी लागते.

पळणाऱ्यांनो, लांब पळून आल्यावर नुसतं व्हे पिऊन थांबू नका. पाम बीच रोडवर वीस किलोमीटर काढले की आधी रिकामा होतो तो ग्लायकोजेनचा साठा, म्हणजे कर्बोदकं. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या पहाटे पुन्हा पळायचं असेल तर पहिल्या तासात किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ६४ किलोच्या माणसाला दोन केळी आणि साखर घातलेलं ग्लासभर दूध, आणि थोड्या वेळाने पोळी-गूळ. आपल्या दमट हवेत घामाबरोबर मीठही जातं, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. "रिकव्हरी होत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं प्रोटीन पुरेसं असतं. त्यांनी वजनाच्या भीतीने भात-पोळी सोडलेली असते आणि झोप पाच तासांची असते. त्यावर कुठलाच डबा निघालेला नाही.

पायरी १०: किडनीबद्दल

किडनी निरोगी असेल तर वर सांगितलेल्या मर्यादेतल्या प्रोटीनने ती बिघडते असा पुरावा नाही. पण किडनी निरोगी आहे हे कशावरून? मधुमेह, रक्तदाब, एकच किडनी, वारंवार होणारे मूतखडे, घरात किडनीचा आजार, यांपैकी काही असेल तर सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून डॉक्टरांना दाखवा. किडनीचा आजार आधीच असेल तर प्रोटीन किती खायचं हे तेच ठरवतील, आणि ते बहुधा कमीच करायला सांगतील. क्रिएटिन घेत असाल किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला असेल तर क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे उगाच धावाधाव होणार नाही.

पायरी ११: डबा सांभाळा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा वही काढा

जुलैत आपल्याकडे मीठ पाघळतं, तिथे पावडर कुठून वाचणार. ओला चमचा आत घालू नका, झाकण घट्ट लावा, गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत-बाहेर करताना बाष्प धरतं. दगडासारखे गोळे, कुबट वास किंवा रंगात फरक दिसला तर पैशांकडे न बघता फेकून द्या. शेकर वापरल्यावर लगेच विसळा, झाकणाची रबरी चकती काढून धुवा. सगळा वास तिथेच साठतो.

दोन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही लिहा. सोबत वजन, ठरलेल्या अंतराची वेळ किंवा उचललेली वजनं, आणि सकाळी पाय किती जड वाटतात ते. बऱ्याचदा असं होतं की एव्हाना घावनं आणि उसळ अंगवळणी पडलेली असतात, श्रावण संपून अंडी-मासे परत आलेले असतात, आणि बेरीज पावडरीशिवायच पूर्ण होते. मग पुढचा डबा मागवायचं कारण उरत नाही. तूट अजून वीसेक ग्रॅमची असेल तर मागवा, पण एकच किलोचा. पाच किलोच्या पोत्यावरची सवलत पावसाळ्यात महागात पडते.